फूटभर कमी

मास्टरांच्या हातून पस्तीस वर्षांत एकही पँट आखूड झाली नव्हती. दुसऱ्या कुणी ही गोष्ट अभिमानानं सांगितली असती. मास्टर ती अपघातातून वाचलेल्या माणसासारखी सांगत. कापड एकदा कापलं की कापलं, ते परत लांब होत नाही, या एका विचारानं त्यांची झोप तरुणपणीच पातळ करून टाकली होती. इतर टेलर शिवणीसाठी एक इंच माया सोडत, तिथे ते दीड सोडत. खडूची रेघ मारून झाल्यावर कात्री उचलायच्या आधी पुन्हा एकदा टेप लावत, आणि कात्री उचलल्यावर ती खाली ठेवून आणखी एकदा. मोजायची सवय इतकी अंगात मुरलेली की समोरचा माणूस बोलत असताना ते त्याच्या तोंडाकडे न बघता खांद्यांकडे बघत. बायको म्हणे, लग्नाआधी पहिल्यांदा भेटले तेव्हा यांनी माझं नाव नंतर विचारलं, आधी डावा खांदा उतरता आहे हे पाहून घेतलं.

शहराच्या मध्यावर, औषधांच्या दुकानाच्या वर, एका ठेंगण्या खोलीत त्यांचं काम चाले. दोन मशीनं, एक कटिंगचं टेबल, भिंतीला खिळ्यावर तीच ती पिवळी टेप. शाळेचे युनिफॉर्म, वापरलेले कोट अंगाबरोबर करून देणं, चेन बदलणं. घर तिथून दहा मिनिटांवर, भाड्याचं. एक दिवस घरमालकाचा मुलगा आला, जिन्यात उभं राहून त्यानं छताकडे पाहिलं आणि फार प्रेमानं सगळ्यांच्या तब्येती विचारल्या. मास्टर समजले की इमारत पाडणार. बायको म्हणाली, आता भाड्याचं नको, आपलं घेऊ. मास्टरांनी वहीत हिशेब मांडून पाहिला. त्यांच्या पुंजीत शहरात उभं राहायला जागा मिळाली असती. बसायचं म्हटलं तर बाहेरच जावं लागणार होतं.

बाहेर म्हणजे किती बाहेर, ते एजंटानं दाखवलं. एजंट पांढरे बूट घालायचा आणि प्रत्येक प्लॉटवर पोचल्यावर आधी ते रुमालानं पुसायचा, त्यावरून तिथल्या रस्त्यांची कल्पना यायची. "शहर इकडेच सरकतंय," हे त्याचं आवडतं वाक्य. मास्टरांनी विचारलं, वर्षाला साधारण किती सरकतं. एजंटानं बूट पुसायचे थांबवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. हा चेष्टा करतोय की खरंच विचारतोय, हे त्याला ठरवता येईना. मास्टर खरंच विचारत होते.

बस पेट्रोलपंपापाशी वळून परत जायची. तिथून पुढे एक किलोमीटर पायी. एका हाताला भाजीचे मळे, दुसऱ्या हाताला पोहण्याच्या तलावाचं चित्र असलेला भला मोठा फलक, आणि त्या तलावाच्या मागे शेळ्या चरत असत. विजेचे खांब होते, त्यांवर दिवे यायचे होते. रस्ता होता, डांबर यायचं होतं. प्रत्येक प्लॉटमध्ये नळ बसवलेला होता. तो सोडला की एक लांब सुस्कारा बाहेर पडे आणि संपे. एजंट म्हणाला, हवा येतेय म्हणजे लाइन चालू आहे. मोबाइलला रेंज एका दगडावर उभं राहिलं की यायची. तो दगड आजूबाजूच्या सगळ्यांना ठाऊक होता आणि सकाळी त्याच्यापाशी दोन-तीन जण पाळी लावून उभे असायचे.

प्लॉट नंबर सात एका निवृत्त ड्राफ्ट्समनचा होता. त्यानं हौसेनं दोन खोल्या आणि न्हाणीघर बांधलं होतं, पुढचे नकाशे काढून भिंतीला चिकटवले होते, आणि आता तो मुलीकडे परदेशी निघाला होता. साठ फूट रस्त्याला लागून, चाळीस फूट आत. डावीकडे गल्ली, उजवीकडे एका बाईंची रोपांची नर्सरी, मागे पडीक जमीन. मास्टरांनी खरेदीखत तीन संध्याकाळी बोट ठेवून वाचलं. 'साठ फूट गुणिले चाळीस फूट अंदाजे' इथं ते बोट अडलं. हा 'अंदाजे' काढता येईल का, असं त्यांनी दस्तलेखकाला विचारलं. तो म्हणाला, "काका, हा शब्द सगळ्यांच्या खतात असतो. देवळातल्या घंटेसारखा आहे तो, कुणी वाजवत नाही म्हणून काही बिघडत नाही." मास्टरांना उपमा कळली नाही, पण मागे रांग होती म्हणून त्यांनी सही केली.

आता कुणीही विचारेल, आणि बायकोनं पुढे पुष्कळदा विचारलं, की पँटसाठी तीनदा टेप लावणाऱ्या या माणसानं विकत घ्यायच्या आधी जमीन का मोजली नाही. खरं कारण असं की ड्राफ्ट्समन सोबत होता, आणि माणसाच्या देखत त्याची जमीन मोजणं मास्टरांना त्याचे खिसे चाचपल्यासारखं वाटलं. शिवाय गवत कमरेपर्यंत होतं. भिडस्त माणूस आणि उंच गवत एकत्र आले की असे व्यवहार पटकन होतात.

राहायला आल्यावर पहिल्या सकाळी मास्टरांनी नळ सोडला, सुस्कारा ऐकला आणि दोन रिकाम्या बादल्यांकडे बघत उभे राहिले. कुंपणापलीकडून कुणीतरी म्हणालं, "तो नळ मी नऊ वर्षं ऐकतेय. पाणी इकडं आहे."

त्या नर्सरीवाल्या बाई. पासष्टीच्या, पायात पुरुषी बूट, कमरेला सुतळीचा गुंडा. सगळे त्यांना मावशी म्हणत. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. दोघांनी मिळून ही नर्सरी उभी केली होती, आता त्या एकट्या चालवत होत्या. त्यांची बोअर होती. त्यांनी कुंपणाच्या तारेवरून पाइप टाकून दिला आणि सकाळी सहा ते साडेसहा पाणी भरून घ्यायला सांगितलं. मास्टरांनी या पाण्याचं काय द्यायचं ते विचारलं. मावशी म्हणाल्या, आमच्या यांचे दोन कोट मला ढगळ होतात, ते बघा. पहिल्या दिवशी त्या 'अहो मास्टर' म्हणाल्या, आठवड्याभरात 'अरे मास्टर'वर आल्या, आणि मास्टरांच्या बायकोला तर तिसऱ्याच दिवशी रोपं कशी लावायची ते रागावून शिकवू लागल्या.

दोन्ही प्लॉटांच्या मधे लाकडी खांबांचं, तारेचं कुंपण होतं आणि मावशींच्या बाजूनं त्याला लागून गुलाबांची एक रांग. ते गुलाब विकायचे नव्हते. त्यांच्या फांद्या कापून मावशी नवी कलमं करत. अकरा झाडं, जुनी, बुंध्याशी मनगटाएवढी. सगळी नर्सरी या अकरा जणांच्या पोटची, असं त्या म्हणायच्या.

सगळं बरं चाललं होतं. मास्टरांना असं बरं चाललं की बेचैन व्हायला होई. रोज येऊन-जाऊन तीन तास बसमध्ये जात, पाठ धरायची. तेव्हा ठरलं की नर्सरीच्या बाजूला एक खोली बांधून शिवणकाम घरीच आणायचं. नियम असा की हद्दीपासून पाच फूट मोकळे सोडायचे. म्हणजे हद्द नेमकी कुठे ते बघणं आलं. गवत वाळलं होतं, ड्राफ्ट्समन परदेशी होता, रविवार होता. मास्टरांनी कामावरची पिवळी टेप घरी आणली होती.

टेप पाच फुटी. बायकोनं एक टोक गल्लीच्या कडेला धरलं. पाच फुटांवर मास्टरांनी खुंटी ठोकली, तिथून पुढची टेप, पुन्हा खुंटी. बारा टेपांत साठ फूट व्हायचे. अकरा टेपा नीट भरल्या. बारावी लावली तर चार फुटांवर तार आली.

मास्टरांनी खुंट्या उपटून पुन्हा सुरुवातीपासून मोजलं. या वेळी कुंपणाकडून गल्लीकडे, न जाणो त्या दिशेनं जास्त भरेल. एकोणसाठच. चाळीस फुटांची बाजू मोजली तर तीही आठ इंच कमी. पण त्या बाजूचं एक टोक सरकारी रस्त्यावर होतं. रस्त्यानं आठ इंच खाल्ले असणार, सरकारला कोण विचारणार, असं म्हणून त्यांनी ते आठ इंच तिथल्या तिथं माफ केले. फूटभर मात्र एका विधवा बाईकडे होता, तो माफ करणं त्यांना जड गेलं.

"कुंपण आपण यायच्या आधीचं आहे," बायको म्हणाली.

"हो ना. म्हणूनच."

"मग मावशींना विचारा सरळ."

सरळ विचारायचं म्हणजे काय विचारायचं, यात मास्टरांचे आठ दिवस गेले. सकाळी पाणी भरताना ते वाक्य जुळवत, आणि बादली भरेपर्यंत ते वाक्य इतकं वाढे की मावशींचं नाव त्यात येईपर्यंत साडेसहा वाजून जात. बादली त्यांच्या पाण्यानं भरायची आणि जमीन चोरल्याचं त्यांनाच विचारायचं, हे दोन्ही एका हातानं होईना. शेवटी त्यांना वाटलं, हे काम सरकारवर सोपवावं. सरकार कुणाचंच पाणी पीत नाही.

मोजणीच्या कार्यालयात कारकुनानं अर्ज घेतला, शिक्का मारला, आणि मास्टर दाराशी पोचल्यावर म्हणाला की आता लगतच्या सगळ्यांना नोटिसा जातील.

मास्टर परत आले. "कुणाला?"

"शेजाऱ्यांना. मोजणी त्यांच्यासमोर व्हायला नको का?"

तसं असेल तर अर्ज मागे घेतो, मास्टर म्हणाले. कारकून म्हणाला, घ्या की, त्याचा वेगळा अर्ज असतो. आणि अर्ज मागे घेतला तर त्याचीही नोटीस लगतच्यांना जाते. मास्टरांनी बराच वेळ विचार करून पाहिलं, तर एकाऐवजी दोन नोटिसा वाईट दिसल्या असत्या. ते घरी आले.

पुढचे बारा दिवस मास्टर पोस्टमनवर डोळा ठेवून होते. तो सायकलवरून यायचा, दगडापाशी थांबून स्वतःचा एक फोन करायचा आणि मग वाटप सुरू करायचा. मास्टर एरवी साडेसातची बस पकडत, आता साडेनऊची पकडू लागले. बायकोनं विचारलं, बस बदलली का. ते म्हणाले, या बसला गर्दी कमी असते. गिऱ्हाइकांचे युनिफॉर्म उशिरा होऊ लागले. एका मुख्याध्यापिकेनं निरोप पाठवला की मुलं उघडी यायच्या आत कपडे मिळाले तर बरं. नोटीस आपल्या हाती लागावी, मग तिचं काय करायचं ते ठरवू, असा काहीतरी अर्धवट बेत मास्टरांच्या डोक्यात होता. दुसऱ्याचं टपाल आपण आजवर कधी उघडलेलं नाही, इथपर्यंत विचार आला की बेत थांबे.

तेराव्या दिवशी रविवार, टपाल नाही म्हणून मास्टर निर्धास्त. मावशी कुंपणाला वळसा घालून फाटकातून आल्या. हातात पाकीट होतं. काल दुपारी आलं, म्हणाल्या, चष्म्याची काडी मोडलीय, वाचून दे.

मास्टरांनी पाकीट घेतलं. बायको दारात येऊन उभी राहिली. तिनं नवऱ्याचे कान लाल झालेले पाहिले आणि ती मावशींसाठी स्टूल आणायला आत गेली.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. स्वतःचाच अर्ज दुसऱ्याच्या भाषेत वाचणं फार विचित्र असतं; त्यात आपण कुणी दुसराच, जास्त ठाम माणूस वाटतो. प्लॉट क्रमांक सातच्या अर्जावरून, उजव्या बाजूच्या हद्दीबाबत शंका असल्यानं, अमुक तारखेस सकाळी दहा वाजता मोजणी होईल, लगतच्या धारकांनी हजर राहावं. मास्टर थांबले. मावशी थांबल्या नाहीत.

"सात म्हणजे?"

"सात म्हणजे आम्ही."

मावशींनी मान डोलावली. स्टूल आलं होतं, त्यावर त्या बसल्या नाहीत. "किती कमी भरतंय?"

इथं खोटं बोलायला जागा होती. कागदपत्रं पुरी करायला लागतात, सगळेच करतात, एजंट म्हणाला, ही तिन्ही वाक्यं मास्टरांनी बारा दिवस तयार ठेवली होती. पण माप विचारलं की खरं सांगायचं, ही पस्तीस वर्षांची सवय मधे आली.

"फूटभर," ते म्हणाले.

मावशी कुंपणाकडे बघत राहिल्या. "हे आमच्या यांनी घातलेलं. पावलांनी मोजून. मी तेव्हाच म्हणाले होते, माणूस बोलवा. तर म्हणाले, माझं पाऊल म्हणजे अडीच फूट, डोळे झाकून." मग पाकिटासाठी हात पुढे करत, "उंच होते ना हे. पाऊल लांब पडलं असेल."

पाकीट घेऊन त्या निघाल्या. फाटकाशी वळून म्हणाल्या, "पाणी भरत जा तुम्ही. त्याचा याच्याशी संबंध नाही."

मास्टरांच्या कानात 'तुम्ही' तेवढं राहिलं.

बायको त्या दिवशी त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलली. "तो फूट मिळाला की त्याच्यावर काय ठेवणार आहात, ते मला सांगा. मी जागा करून ठेवते," एवढं एकच वाक्य तिनं लांब बोलून घेतलं.

मंगळवारी मास्टर कामावरून परतले तर कुंपण हललं होतं.

आधी त्यांना वाटलं, उन्हात चालून आल्यामुळे असं दिसतंय. मग जवळ जाऊन पाहिलं. सगळे खांब उपटून नर्सरीच्या बाजूला सरकवून पुन्हा ठोकलेले. तार पुन्हा ताणलेली. आणि अकराही गुलाब मुळापासून काढून फूटभर पलीकडे लावलेले. जुन्या खड्ड्यांची ओळ मास्टरांच्या बाजूला राहिली होती, माती अजून ओली. बायकोनं सांगितलं, सकाळी मावशींनी दोन गडी लावले होते. ती विचारायला गेली, तर मावशी म्हणाल्या, सरकारी माणूस येऊन चारचौघांत सांगणार, त्यापेक्षा आपलं आपण केलेलं बरं. आमच्या यांच्या नावाला कशाला बोल. ही झाडं हलवायचा मोसम नव्हता हेही त्यांनी सांगितलं, पण मोसम नोटिशीत लिहिलेला नसतो.

मास्टर खड्ड्यांच्या ओळीपाशी उभे राहिले. आपल्याला काय वाटतंय ते त्यांनी तपासलं, आणि जे सापडलं ते त्यांना आवडलं नाही. त्यांना बरं वाटत होतं. आपली टेप खरी ठरली. बाईंनी वाद न घालता जागा सोडली, याचाच अर्थ त्यांना आतून माहीत होतं. आता मोजणी म्हणजे नुसता उपचार. या विचारानं त्यांना आठवड्यात पहिल्यांदा भूक लागली. जेवताना बायकोनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि भूक होती तशी निघून गेली.

मोजणीच्या दिवसापर्यंत चार गुलाब वाळले. मावशी रोज सकाळी त्यांच्या बुंध्याला नखानं ओरखडा काढून आतला रंग बघत. मास्टर पाणी भरत. पाइप होता, पाणी होतं, वेळ तीच होती. दोघंही हवेबद्दल बोलत.

मोजणीदार ठरल्या दिवशी दहाऐवजी अकराला आला, पण आला. तीन पायांचं यंत्र, पोलादी टेप, नकाशाची गुंडाळी. तो गल्लीच्या कोपऱ्यात गेला, पायानं माती उकरली आणि गाडलेला हद्दीचा दगड दाखवला. मग यंत्रातून इकडे बघितलं, तिकडे बघितलं, वहीत आकडे लिहिले, मदतनिसाला पळवलं. मावशी फाटकापाशी उभ्या होत्या, नवऱ्याचा कोट घालून. मास्टरांनीच तो त्यांच्या अंगाबरोबर करून दिला होता. बायको त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, नवऱ्याच्या शेजारी नाही, हे मास्टरांनी पाहिलं.

अर्ध्या तासानं मोजणीदारानं मदतनिसाला खुंटी ठोकायला सांगितली. खुंटी गेली ती बरोबर जुन्या खांबांच्या ओळीत, उपटलेल्या खड्ड्याच्या मधोमध. दुसरी खुंटी मागच्या बाजूला, तीही त्याच ओळीत.

"ही तुमची हद्द," तो म्हणाला. "साठ फूट. चाळीसची बाजूही पूर्ण आहे. पण कुंपण पलीकडे कुणी नेलं? या पट्टीसकट तुमच्याकडे एकसष्ट होतात."

मास्टर म्हणाले, असं कसं, मी दोनदा मोजलं, एकोणसाठ होतं. मोजणीदारानं विचारलं, कशानं. मास्टरांनी खिशातून टेप काढून दिली. मोजणीदारानं ती आपल्या पोलादी टेपेशेजारी ओट्यावर पसरली. शून्याला शून्य जुळवलं आणि दोन्ही सरळ केल्या. मास्टरांची साठाव्या इंचाची रेघ पोलादी टेपेच्या एकसष्टाव्या रेघेपाशी येऊन थांबली. एका टेपेमागे एक इंच, बारा टेपांत फूटभर.

"कापडी टेप ताणते," मोजणीदार म्हणाला. "किती वर्षं वापरताय?"

"बावीस."

"आणि गिऱ्हाइकं तक्रार करत नाहीत?"

मास्टरांनी यावर मनापासून विचार केला, कारण प्रश्न त्यांच्या धंद्याचा होता. अंगाचं माप याच टेपेनं, कापडाचं मापही याच टेपेनं. दोन्हीकडे चूक सारखीच, म्हणून कपडा अंगाला बरोबर बसायचा. बावीस वर्षं ते चुकीच्या मापानं बिनचूक कपडे शिवत होते. दुसऱ्या कुणाच्या मापाशी जुळवायची वेळच आली नव्हती, ती आज आली. हे त्यांनी मोजणीदाराला समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि पंचनाम्यावर सही कुठे करायची ते दाखवलं.

आता मावशींना सांगायचं होतं. त्या चार पावलांवर उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण ऐकलेलं आणि सांगितलेलं एक नव्हे. मास्टर त्यांच्यासमोर गेले. वाक्य जुळवायला या वेळी आठ दिवस नव्हते.

"चूक माझी होती, मावशी. जागा तुमचीच होती. गुलाब..."

मावशी त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्या खुंटीपाशी गेल्या, बुटाच्या टोकानं ती हलते का पाहिलं, मग दुसऱ्या खुंटीकडे नजर टाकली.

"म्हणजे यांचं बरोबर होतं," त्या म्हणाल्या.

मोजणीदारानं विचारलं, कुणाचं. त्या खुंटीवर हात ठेवून बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या. मदतनिसानं यंत्राचे पाय मिटले, बायकोनं चहा आणला, तो निवला. चार वर्षांपूर्वी गेलेला एक उंच माणूस गेले पंधरा दिवस जमिनीचा चोर होता, तो आता सुटला होता, आणि हे त्या सगळ्या घोळक्यात एकट्या मावशींना कळत होतं. मास्टरांना ते जरा उशिरा कळलं.

संध्याकाळी ते फावडं घेऊन गेले. कुंपण आत्ताच्या आत्ता जुन्या जागी आणतो, म्हणाले. मावशींनी फावडं हातातून काढून घेतलं. उरलेल्या सात झाडांनी आत्ता कुठे मूळ धरलंय, त्यांना परत उपटलंत तर तीही जातील. पुढच्या मोसमापर्यंत कुंपण राहील तिथंच राहू दे. मास्टर म्हणाले, पण मग तुमची फूटभर जमीन माझ्याकडे राहते. मावशी म्हणाल्या, राहू दे, पळून जात नाही.

मास्टरांना रात्रभर तीच काळजी. जो फूट मिळावा म्हणून एवढं झालं तो मिळाला होता, चाळीस फूट लांब आणि एक फूट रुंद, आणि तो दुसऱ्याचा होता. त्यावर कुणी पाय दिला तर. बायकोनं तिथं कपडे वाळत घातले तर. एखाद्या शेळीनं येऊन काही केलं तर जबाबदारी कुणाची. खोलीच्या पायाचं माप घेताना चुकून ती पट्टी धरली गेली तर. सकाळी सहाला ते बादल्या घेऊन बाहेर पडले आणि पट्टीवर पाय पडू नये म्हणून त्यांनी अलीकडूनच लांब वाकून त्या पाइपाखाली ठेवल्या. तारेवरून पाइप त्यांच्या बाजूला लोंबत होता, पण चावी मावशींकडे. ते थांबले. सहा वाजून पाच मिनिटं झाली, सात झाली. पलीकडे झारीचा आवाज येत होता, म्हणजे त्या उठलेल्या होत्या. हाक मारावी तर कुठल्या तोंडानं, आणि न मारावी तर पाण्याचं काय. सहा वाजून दहा मिनिटांनी पाइप थरथरला आणि बादलीत पाणी पडायला लागलं.

"मास्टर," मावशी रोपांच्या मागून म्हणाल्या, दिसत नव्हत्या, "बादल्या झाल्या की ते जुने खड्डे पण भिजव. मुळं राहिलीत त्यात, एखादं फुटेल. आणि असा लांबून वाकत जाऊ नकोस, पडशील."

मास्टरांनी बादल्या भरल्या. मग पाइप धरून अकराही खड्डे भिजवले, प्रत्येकाला सारखं, मनात आकडे मोजून. कामावर निघाल्यावर ते बसथांब्याच्या अर्ध्या वाटेतून परत आले, पाणी जास्त तर झालं नाही ना ते बघायला. बायकोनं दारातून पाहिलं. चिखलात वाकून हा माणूस एका खड्ड्यात बोट घालून खोली अजमावत होता. साडेसातची बस पेट्रोलपंपापाशी वळून निघून गेली.